एक म्हणजे घरचा, पाच म्हणजे पाहुणा

"तुझं मशीन म्हणतंय नेट नाही. आणि रांगेतला पोरगा तिथंच उभा राहून फोनवर कुस्ती बघायलाय. दोघांतलं खोटं कोण बोलायलंय, तेवढं सांग."

मामांचा हा फोन सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आला. दूध संकलन केंद्रावरची ती ऐन गर्दीची वेळ. मी पुण्यात अंथरुणात. मागे कॅन आपटल्याचे आवाज, कानडीतली बोलाचाली, मध्येच कुणीतरी मराठीत हाणलेली शिवी. "मशीन बंद करून परत चालू करा," मी म्हणालो. आमच्या धंद्यातला हा आजीचा बटवा. "चारदा केलं," मामा म्हणाले. "आता तूच ये."

गेलो. सोलापूरहून अक्कलकोट, तिथून दुधनीच्या रस्त्याला लागलं की मैंदर्गी. अक्कलकोट तालुक्यात नगरपरिषदा तीन, त्यांतली एक इथली. थोडं पुढं गेलं की कर्नाटक. आईचं हे माहेर, त्यामुळे 'इल्ला' आणि 'हौदु' एवढं कानडी मला दुधाच्या दातांबरोबर आलेलं.

केंद्रावरची मांडणी साधी. काटा, फॅट काढायचं मशीन, पावतीचा छोटा प्रिंटर, तळहाताएवढा संगणक आणि त्याला खोचलेला सिमकार्डचा डोंगल. या सगळ्यांना एकत्र बांधणारा प्रोग्राम माझा. सभासदाचा नंबर दाबला, दूध काट्यावर ठेवलं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आलं, की दर लागून पावती निघते आणि तीच नोंद सर्व्हरवर जाते. यात एक अट मी घातली होती. सुरुवातीला प्रोग्राम डोंगल शोधतो, नेट आहे का बघतो, आणि नसेल तर पुढं सरकतच नाही. ही अट मला फार शहाणपणाची वाटत होती.

"शहाणपण कसलं?" मामांनी चहा ओतता ओतता सुरुवात केली. "मी दूध घ्यायला बसलोय. नेट असू दे नसू दे, म्हैस पान्हा सोडतीच की."

"मामा, पण रस्ता आहे की नाही हे आधी बघायला नको? अर्धी नोंद गेली, अर्धी राहिली, तर हिशेब कोण लावणार?"

"रस्ता बघायला तू माणूस पाठवलास. तो परत येऊन म्हणाला, रस्ता मोकळा. तेवढ्यात तिथं झाड पडलं. मग?"

संगणकशास्त्रात या प्रश्नाला भारदस्त नाव आहे. तपासण्याची वेळ आणि वापरण्याची वेळ यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून चुका आत येतात. मामांनी ते नाव कधी ऐकलेलं नाही, पण फट त्यांना दिसली होती. मला त्या क्षणी ती मान्य करायची नव्हती. मी पाना-स्क्रू काढले.

पहिला प्रश्न असा, की संगणकाला डोंगल दिसतो का. हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. असे बरेच डोंगल खोचल्या खोचल्या स्वतःची ओळख मोडेम म्हणून देतच नाहीत. ते म्हणतात, मी सीडी ड्राइव्ह आहे. त्या खोट्या सीडीत विंडोजसाठीचं त्यांचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं, म्हणजे ग्राहकाला वेगळी सीडी द्यायला नको. लिनक्सवर मग 'यूएसबी मोडस्विच' नावाचा एक छोटा प्रोग्राम त्याला ठरलेला संदेश पाठवतो, की पुरे झालं सोंग, आता कामाला लाग. तेव्हा कुठं तो सीडीचा वेष उतरवतो आणि मोडेम म्हणून उभा राहतो.

"म्हणजे दारात येतानाच खोटं बोलतो," मामा म्हणाले. "आणि तू त्याला विचारणार, नेट आहे का."

"वेष उतरवल्यावर विचारतो."

"बरं. विचार."

विचारायचं कुठं, हाही घोळच. मोडेम जागा झाला की संगणकावर एक सोडून तीन-चार दारं उघडतात. टीटीवाय-यूएसबी-शून्य, एक, दोन, अशी त्यांची नावं. त्यांतलं एखादंच दार आज्ञा ऐकतं. बाकीची दुसऱ्या कामांची. शिवाय हे आकडे येण्याच्या क्रमाने मिळतात. मामांचा काटाही यूएसबीच्याच वायरीने जोडलेला. वीज गेली, आली, आणि काटा आधी जागा झाला तर 'शून्य' त्याला मिळणार. पुण्यात माझ्या टेबलावर काटा नव्हताच, म्हणून मी बिनधास्त लिहून टाकलं होतं की मोडेम शून्यावर आहे. परिणाम असा, की काही सकाळी माझा प्रोग्राम दुधाच्या काट्याला विचारत होता, तुझं सिमकार्ड ठीक आहे ना.

मामा एवढे हसले की चहा बशीत सांडला. "काटा काय म्हणाला?"

"काही नाही. तो आपलं वजन सांगत राहिला."

"तुझ्यापेक्षा काटा बरा."

दुरुस्ती सोपी होती. उपकरणाला आलेल्या क्रमाने न ओळखता त्याच्या स्वतःच्या ओळखीने ओळखायचं. प्रत्येक यूएसबी उपकरणावर ते बनवणाऱ्याचा आणि त्या मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो. तो बघून मोडेमची दारं तेवढी निवडायची, आणि प्रत्येक दारावर 'एटी' ही दोन अक्षरं टाकायची. 'ओके' असं उत्तर जिथून येईल ते आपलं दार.

'एटी' म्हणजे अटेन्शन. 1981 साली अमेरिकेत डेनिस हेज यांच्या कंपनीने स्मार्टमोडेम काढला, तेव्हा मोडेमशी बोलायची ही रीत पडली. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला 300 बिट जायचे तो काळ. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते याच जातीच्या मोडेमांवर. ज्यांनी तो किंचाळ्या मारत जोडला जाणारा फोन ऐकलाय त्यांना आठवत असेल, त्या काळी नेट आहे की नाही हे कानाने कळायचं. तारा गेल्या, किंचाळी गेली, सिमकार्ड आलं. पण मामांच्या टेबलावरचा डोंगल अजून 'एटी' म्हटलं की सावधान होतो.

"चाळीस वर्षं एकच हाक," मामा म्हणाले. "ही गोष्ट मला आवडली."

एवढं झाल्यावर मोडेम सापडला. ओके म्हणाला. सिम तयार आहे म्हणाला. सिग्नलचा आकडा विचारला तर बावीस म्हणाला. हा आकडा शून्य ते एकतीस असतो, आणि माहीत नसेल तर मोडेम नव्व्याण्णव सांगतो. (नव्व्याण्णव बघून स्क्रीनवर पूर्ण पट्ट्या दाखवणारे प्रोग्राम मी पाहिलेत. एक तर मीच लिहिलेला होता.) बावीस म्हणजे चांगला सिग्नल. तरी माझा प्रोग्राम म्हणत होता, नेटवर्क नाही.

मग मी तो प्रश्न हाताने टाइप केला: एटी प्लस सीरेग, प्रश्नचिन्ह. म्हणजे, बाबा रे, तुझी नेटवर्कवर नोंदणी झाली आहे का. उत्तर आलं, शून्य स्वल्पविराम पाच.

मी कपाळाला हात लावला.

या उत्तरात दुसरा आकडा महत्त्वाचा. शून्य म्हणजे नोंदणी नाही आणि शोधही चालू नाही. दोन म्हणजे शोधतोय. तीन म्हणजे नाकारलं. एक म्हणजे नोंदणी झाली, आपल्या घरच्या नेटवर्कवर. आणि पाच म्हणजेही नोंदणी झाली, पण रोमिंगवर, दुसऱ्याच्या घरी. 4जीच्या मोडेमला विचारायच्या प्रश्नाचं नाव किंचित वेगळं आहे, आकड्यांचे अर्थ तेच. माझ्या प्रोग्राममध्ये एकच ओळ होती: उत्तर एक असेल तर नेटवर्क आहे, नाहीतर नाही. पुण्यात उत्तर नेहमी एकच यायचं. सोलापुरातही एक. मैंदर्गीत मोडेमला कधी इकडचा टॉवर जोरात ऐकू यायचा, कधी कर्नाटकातला. तिकडचा पकडला की पाच.

टेलिफोनवाल्यांचा नकाशा आपल्या राजकीय नकाशासारखा नाही. त्यांनी देशाची सर्कलं पाडली, आणि कंपनी तीच असली तरी सर्कल बदललं की बहुतेक ठिकाणी नेटवर्कचा संकेतांक वेगळा. त्यांच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे आणि मुंबई नाही. ज्यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्ल्या त्यांनी हे बघितलं नाही, हे बरंच. मैंदर्गीपासून थोडं पुढं गेलं की दुसरं सर्कल लागतं, आणि टॉवरला शीव कळत नाही. लहरी जिथवर पोचतात तिथवर त्याचं राज्य.

"थांब," मामा म्हणाले. "म्हणजे पुढच्या टॉवरला नेट होतं, त्याने तुझ्या डोंगलला आत घेतलं होतं, आणि तू म्हणालास नाही?"

"मी फक्त घरचं नेट मोजत होतो."

"आणि त्या पोराच्या फोनवर कुस्ती?"

"फोनला पाहुणा म्हणून राहिलेलं चालतं."

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "1967 साली सीमावादाच्या महाजन आयोगाने लिहून दिलं, अक्कलकोट तालुका तिकडं घाला. तिकडं गेलो नाही, इकडंच राहिलो. तेव्हापासून आम्हाला प्रत्येक जण विचारतो, तुम्ही इकडचे का तिकडचे. घरात कानडी बोलतो, सातबारा मराठीत. आता तुझ्या मशीनने पण तेच विचारलं. आणि पाच म्हणालं तर दार लावून घेतलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ओळ बदलली. एक किंवा पाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी पाच होती, सिग्नल सतरा होता, आणि माझा प्रोग्राम आता म्हणाला: नेटवर्क आहे, इंटरनेट नाही. मामांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. रांगेत पंधरा-वीस माणसं.

"आता काय?"

"टॉवरपर्यंत पोचलो, पुढं पोचलो नाही."

"कसं कळलं?"

"पिंग केलं."

पिंग म्हणजे लांबच्या संगणकाला आरोळी ठोकायची आणि प्रतिध्वनी येतो का बघायचं. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये हा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्या शोधायच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. जगभरचे प्रोग्रामर आळसाने सगळे एकाच दारावर आरोळी ठोकतात, 8.8.8.8. हा गुगलचा पत्ता. तो लक्षात ठेवायला सोपा आहे, एवढीच त्याची गुणवत्ता. गुगलने 2009 साली तिथं नावांवरून पत्ते शोधून द्यायची सेवा सुरू केली. आरोळ्यांना ओ देत बसणं हे काही त्या सेवेचं काम नव्हे.

"उत्तर आलं नाही म्हणून नेट नाही, असं?"

"बऱ्याच वेळा तसंच असतं."

"आणि वाटेत कुणी आरोळीच अडवली असली तर?"

असली तर. ती अडवलेलीच होती. काही नेटवर्कांत पिंग मुद्दाम बंद ठेवतात. मी हाताने सर्व्हरचं पान उघडून बघितलं, उघडलं. मामा म्हणाले, "शेजाऱ्याचं दार वाजवून आपल्या घरात कोण आहे ते कळतं का? तुला सोलापूरच्या सर्व्हरला नोंद पाठवायची आहे ना, मग त्यालाच विचार. गुगलला कशाला मधी घालतोस?"

इथं मी मोठ्या कंपन्यांचा दाखला काढला. विंडोज इंटरनेट आहे का हे ठरवायला मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यावरून एक चिमुकली मजकूर-फाइल मागवतं आणि आतला मजकूर ठरलेलाच आहे ना ते बघतं. अँड्रॉइडचा फोन गुगलकडे एक पान मागतो आणि उत्तरात 204 या आकड्याची वाट बघतो. 204 म्हणजे, मागणी पोचली, द्यायला काही नाही. अॅपलच्या फोनला परत यायला हवा असतो 'सक्सेस' हा शब्द. ठरलेलं उत्तर का, तर वाटेत कुणी भलतंच उत्तर दिलं तर कळावं म्हणून. हॉटेलच्या वायफायवर आधी त्यांचं लॉगिनचं पान समोर येतं. रिचार्ज संपला की काही वेळा कंपनी आपल्याच पानावर नेऊन सोडते. पिंगला किंवा साध्या तपासणीला वाटेल, उत्तर आलं म्हणजे नेट चालू. प्रत्यक्षात उत्तर दिलं ते वाटेतल्या टोलनाक्याने.

"हे बरंय," मामांनी मान्य केलं. "खूण सांगायची. खूण पटली तर आपला माणूस. पण तरी ती खूण गुगलच्या दारातली."

"म्हणून तुमचं ऐकतो. खूण आपल्याच सर्व्हरवर ठेवतो."

"खूण नको. दूधच पाठव."

हे त्यांचं म्हणणं आदल्या दिवशीच्या चहापासून एकच होतं, मी ते वेगवेगळ्या शब्दांत टाळत होतो. त्यांना तपासणीच नको होती. नोंद घे, पावती दे, जवळ ठेव, नेट मिळेल तेव्हा पाठव. पोस्टमन पेटीतली पत्रं जशी नेतो तशी. माझ्या क्षेत्रातले निम्मे जाणते लोक हेच सांगतात: आधी विचारू नका, काम करून बघा, फसलं तर सांभाळा. तपासणीला उत्तर 'हो' आलं तरी पुढच्या सेकंदाला काम फसू शकतं, म्हणजे फसण्याची तयारी तुम्हाला ठेवावीच लागते. ती ठेवलीत तर आधीची तपासणी उरते कशाला?

मी मात्र उरलेल्या निम्म्यांतला होतो, आणि माझ्याकडेही हत्यारं होती.

"मामा, समजा नोंद गेली. सर्व्हरने लिहून घेतली. 'मिळाली' असं त्याने कळवलं, आणि ते उत्तर वाटेत हरवलं. आपल्याला वाटलं गेली नाही. आपण परत पाठवली. एका म्हशीचं दूध दोनदा लागलं."

"पोचपावती मागायची."

"पोचपावतीच हरवली म्हणतोय मी."

"मग पोचपावती पोचल्याची पोचपावती."

"ती हरवली तर?"

मामा थांबले. गावातल्या पोस्टात रजिस्टरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. 1975 साली तिघा संशोधकांनी हे कागदावर मांडलं, आणि 1978 मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींच्या गोष्टीचं रूप दिलं. दोन टेकड्यांवर दोन फौजा, मध्ये शत्रू; एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार; निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. कितीही निरोप पाठवा, दोघांचीही पूर्ण खात्री कधीच होत नाही. पुढं कुणी हुशार निघेल आणि सोडवेल अशातलं हे कोडं नाही. सुटत नाही हे सिद्ध झालेलं आहे.

"वहीत आम्ही काय करतो?" मामा म्हणाले. "पान बघतो. आज सकाळ, नंबर चौदा, लिहिलंय का. लिहिलं असलं तर परत लिहीत नाही. पुन्हा येऊन दहा वेळा सांगितलं तरी नाही."

हेच उत्तर आहे. प्रत्येक पावतीला असा क्रमांक द्यायचा जो पुन्हा कधी येणार नाही. उत्तर मिळेपर्यंत तीच नोंद पाठवत राहायची. सर्व्हरने क्रमांक बघून दुसऱ्यांदा आलेली बाजूला टाकायची. खात्री मिळत नाही, पण दुप्पट दूधही लागत नाही. मी हे पुण्यात शिकलो होतो. वापरलं नव्हतं, कारण नेट नसेल तर कामच होऊ द्यायचं नाही असं ठरवल्यावर त्याची गरज भासली नव्हती. दार बंद ठेवलं की आतल्या पसाऱ्याचा प्रश्न येत नाही.

पण मामांची रीतही निर्दोष नव्हती, आणि ते मी त्यांना ऐकवलं. साठवून नंतर पाठवणारं यंत्र गुपचूप बिघडतं. पावत्या निघतायत, सगळे खूष, आणि तीन दिवस एकही नोंद पुढं गेलेली नाही. कुणाला पत्ता नाही. तोवर वीज अचानक गेली आणि मेमरी कार्ड बिघडलं की तीन दिवसांचं दूध हवेत. असल्या छोट्या संगणकांची कार्डं अशाच झटक्यांनी जातात.

"हवेत कसं? ज्याचं दूध त्याच्या खिशात पावती आहे."

"कागदाची. घामाने पुसलेली."

"पुसली तरी वही आहे."

"मग मशीन कशाला घेतलंत?"

"फॅटसाठी!" मामा उसळले. "फॅट डोळ्यांनी कळत नाही म्हणून. म्हशीला सहा फॅट, नऊ एसएनएफ, गाईला साडेतीन आणि साडेआठ, त्याच्या खाली-वर झालं की दर हलतो. त्यावरून भांडणं व्हायची. मशीन आलं, भांडणं थांबली. नेट मला कुणी मागितलं नव्हतं. ते वरच्यांना पाहिजे."

हे खरं होतं. नेट कुणासाठी आहे, हा प्रश्न आम्ही प्रोग्राम लिहिताना विचारतच नाही.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट निघाली, आणि तिनं आम्हा दोघांनाही गप्प केलं. मोडेम सापडला, नोंदणी झाली, सर्व्हरचं नाव सापडलं, तरी सुरक्षित जोडणी होईना. दर वेळी प्रमाणपत्र अमान्य. अर्धा तास डोकं फोडल्यावर पावतीवरची तारीख मामांनी दाखवली. पावती सतरा दिवस मागची होती. या संगणकात घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नाही. वीज गेली की तो शेवटची आठवलेली वेळ धरून बसतो, आणि नेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. ज्याला आठवणच नसते तो थेट 1 जानेवारी 1970 पासून सुरू करतो. सर्व्हरचं प्रमाणपत्र नुकतंच नवं झालेलं. आमच्या संगणकाच्या मते त्याची मुदत अजून सुरूच व्हायची होती. वेळ विचारायची वाटही त्या नेटवर्कवर अडवलेली निघाली. सगळं जोडलेलं, आणि तरी काही जात नाही; कारण आमचं यंत्र सतरा दिवसांपूर्वीच्या मैंदर्गीत बसलेलं.

"यात नेट आहे का नाही?" मामांनी विचारलं.

मला सांगता येईना. आहे म्हणावं तर नोंद जात नाही. नाही म्हणावं तर सगळी दारं उघडी. त्या क्षणी मला वाटलं, 'नेट आहे का' हा प्रश्नच मी चुकीचा लिहिला होता. हो किंवा नाही एवढीच जागा ठेवलेला. उत्तर मागायला हवं होतं ते असं, की कुठवर पोचलं आणि कुठं अडलं. पण ते मागायचं कुणासाठी, तर टेबलापाशी बसलेल्या माणसासाठी. पावती काढणाऱ्या ओळींना त्याची काहीच गरज नव्हती.

संध्याकाळी घड्याळ हाताने लावलं आणि प्रोग्राम नव्याने मांडला. नोंद घेणं, पावती छापणं आणि नोंद साठवणं यांच्या वाटेतून मोडेमचं नावही काढून टाकलं. पाठवणारा भाग वेगळा. तो पाठीमागे आपला प्रयत्न करत राहतो, फसला की थोडा थांबतो, पुन्हा फसला की दुप्पट थांबतो. तपासणी ठेवली, पण ती फक्त स्क्रीनच्या खालच्या पट्टीत बोलते: डोंगल सापडला, सिम ठीक, टॉवर मिळाला, सर्व्हर बोलला, आणि किती नोंदी जायच्या राहिल्यात. शेवटचा आकडा मामांच्या आग्रहाने सगळ्यात मोठ्या अक्षरात.

पट्टीतल्या एका शब्दावरून मात्र तासभर गेला. पाच आलं की मी 'रोमिंग' लिहिलं होतं.

"ते काढ. रोमिंग वाचलं की माणसं अजून घाबरतात, पैसे कापले म्हणून."

"मग काय लिहू?"

"पाहुणा."

"मामा, कंपनीचे लोक बघतील."

"बघू दे की. पाच म्हणजे पाहुणा, तूच सांगितलास."

'पाहुणा' लिहिलं.

दराच्या तक्त्यावर आमचं जमलं नाही. दर सर्व्हरवरून येतात. माझं म्हणणं, तक्ता दोन दिवसांहून जुना झाला की मशीनने थांबावं. चुकीच्या दराने छापलेली पावती नंतर फिरवता येत नाही, सभासदाचा विश्वास जातो. मामांचं म्हणणं, जुन्या दराने छाप, फरक पुढच्या बिलात टाक. दूध थांबत नाही, शीतकरणाला चार अंशांवर जाईपर्यंत त्याला घटकाभरही धीर नसतो. शेवटी मी थांबण्याची अट काढली आणि पावतीवर 'दर जुना' असं छापायची सोय केली. मला ती अजूनही पसंत नाही. त्यांनाही नाही, त्यांच्या मते त्या दोन शब्दांनी रांगेत भांडण लागेल.

तिसऱ्या दिवशी पहाटे वीज गेली. बॅटरीवर मशीन चालू राहिलं, मामांनी सवयीने मोबाइलच्या उजेडात वहीही लिहिली. पट्टीत टॉवर नाही, मग टॉवर मिळाला, मग पाहुणा, मग पुन्हा काही नाही. पावत्या निघत राहिल्या. रांगेतल्या कुणीही वर बघितलं नाही. सातच्या सुमाराला राहिलेल्या नोंदींचा आकडा त्रेचाळीस होता. सव्वासातला तो खाली यायला लागला, चाळीस, एकतीस, बारा, शून्य. मी खुर्चीत मागे रेललो.

मामांनी वही मिटली नव्हती. बोट टेकवत ते मोजत होते. "माझ्याकडे बेचाळीस," ते म्हणाले.

पुन्हा मोजलं. बेचाळीस. मी सर्व्हरवरची यादी उघडली. सगळ्यात वर, पहाटे पाच वाजून दोन मिनिटांची नोंद: सभासद शून्य, म्हैस, एक लिटर, फॅट सहा, एसएनएफ नऊ. रांग लागायच्या आधी नवी मांडणी चालते का बघायला मीच काट्यावर पाण्याचा तांब्या ठेवून आणि फॅटचे आकडे हाताने भरून ती पाठवली होती. तपासणीला खोटी खूण नको, दूधच पाठव, हे मी अक्षरशः घेतलं होतं. पुसायला विसरलो. आणि क्रमांक एकदा लागला की पुसायची सोय प्रोग्राममध्ये मीच ठेवली नव्हती.

"पाण्याला सहा फॅट," मामा म्हणाले. "बिल कुणाच्या नावाने काढू?"